दोन तासांची आपुलकी

टक्केसाहेबांना पाचव्या मजल्यावरून खाली उतरवून नमुन्यांच्या खोलीत बसवलं, त्या आठवड्यात कंपनीत दुसरा विषय नव्हता. साहेबांनी म्हणे गिऱ्हाइकांची अख्खी यादी, कोण किती माल उचलतो त्या तपशिलासकट, समोरच्या कंपनीला विकली. कोणी म्हणे बदल्यात घर मिळालं, कोणी म्हणे मेहुण्याच्या नावावर गाडी. जिन्यात उभं राहून सिगरेट ओढणाऱ्या दोघांनी तर गाडीचा रंगसुद्धा सांगितला. आणि साहेबांनी ही कुजबुज कधी खोडून काढली नाही. कोणी आडून आडून विचारलंच, तर ओठ मिटून गूढ हसायचे आणि समोरच्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचे. चोर म्हणवून घेण्यात एखाद्याला इतकं सुख का वाटावं, हा प्रश्न कोणाला पडला नाही. चविष्ट बातमी हातात आली की लोक प्रश्न विचारत बसत नाहीत. ती गरम आहे तोवर पुढच्या टेबलावर पोचवायची घाई असते.

कंपनी दारंखिडक्यांचं सामान करायची. बिजागऱ्या, कड्या, कुलपं, हँडलं. तीसएक विक्रेते खांद्याला नमुन्यांची बॅग अडकवून गल्लोगल्लीच्या हार्डवेअर दुकानांत हिंडायचे, आणि त्यांनी कुठे काय विकलं याचे आकडे पाचव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत टक्केसाहेबांच्या पडद्यावर जमा व्हायचे. साहेबांचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक असेल. बाकीच्यांना ते टक्केसाहेब, कारण त्यांचं कुठलंच वाक्य टक्क्याशिवाय पुरं होत नसे. पाऊस येईल का म्हणून विचारलं तर साठ टक्के म्हणायचे. दिवसभर छत्री वागवली आणि थेंब पडला नाही, तर तो चाळीस टक्क्यांतला दिवस. साहेब चुकले असं होऊच शकत नसे. टक्के त्यांच्याकडे रग्गड होते. टोणपे मात्र त्यांनी जन्मात खाल्ले नव्हते.

म्हणजे खाल्ले होते, पण फक्त दीड महिना. नोकरीला लागले तेव्हा त्यांनाही बॅग देऊन रस्त्यावर सोडलं होतं. दीड महिन्यात एक बिजागरी खपली नाही. एका म्हाताऱ्या दुकानदारानं भर दुपारी त्यांचा घामेजलेला चेहरा बघून विचारलं होतं, जेवलास का बाळा. साहेबांनी उत्तरादाखल त्याच्या हातात दरपत्रक दिलं. म्हाताऱ्यानं ते उलटसुलट पाहिलं, त्यात पावशेर खिळे घातले, पुडी बांधली आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. त्या दिवशी साहेबांनी ठरवलं की माणसांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरं. आकडा जिथे बसवावा तिथे गप बसतो. तेव्हापासून वीस वर्षं ते वर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि दर वर्षी कंपनी त्यांना जरा उंच उंट देत होती.

घरीही तीच तऱ्हा. बायको दातांच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलावर बसायची. दिवसभर दुखऱ्या गालांशी बोलून ती घरी आली की साहेब तिला सांगायचे, मागच्या तीन महिन्यांपेक्षा तू या तीन महिन्यांत कमी हसलीस. ती म्हणायची, या तीन महिन्यांत तुम्ही घरी जास्त होतात. दर रविवारी सकाळी साहेब आईला फोन करायचे. तो फोन आठ मिनिटांचा असे. आईकडचं नवीन बोलणं आठव्या मिनिटाला संपतं आणि पुढे जुनंच सुरू होतं, असा त्यांचा अभ्यास होता. म्हणून ते मोबाइलवर गजर लावून बसायचे. पलीकडून आईलाही ती टिंग ऐकू यायची. गुडघ्याचं सांगता सांगता ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "वाजलं बघ तुझं. ठेव आता."

तर अशा या गृहस्थांच्या आयुष्यात एक खोली आली. विक्रीप्रमुख वर्षअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांची कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची खोली रिकामी होणार होती. मालकांनी भर बैठकीत सांगून टाकलं, जो विक्री वाढवून दाखवेल त्याची ती खोली. झालं. साहेब गुडघ्याला बाशिंग बांधून बसले. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मोजपट्टी नेऊन खिडक्यांचं मापसुद्धा घेतलं, पडद्यासाठी. बायकोला सांगितलं, बायकोनं आपल्या बहिणीला सांगितलं, आणि बहिणीला सांगणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. आता खोली मिळाली नसती तर साहेबांना सासरच्या एकाही माणसापुढे मान वर करून बसता आलं नसतं.

विक्री वाढवायची तर आधी ती कशानं वाढते हे कळायला हवं. इथे मौनी आला.

मौनी हा कंपनीचा सगळ्यात जुना विक्रेता. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं भरलेला, चालीनं संथ. बोलणं इतकं कमी की लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर पाच मजले चढलेल्या माणसाला आपण एकटेच आलो असं वाटावं. आणि हा प्राणी बाकीच्यांच्या दुप्पट माल विकायचा. कसा, ते कोणाला माहीत नव्हतं. साहेबांनी तर बरीच वर्षं त्याला हिशेबातून वगळलंच होतं. त्याच्यामुळे त्यांच्या आलेखाची रेघ वाकडी यायची, आणि रेघ सरळ दिसावी म्हणून सगळ्यात जास्त विकणाऱ्या माणसालाच बाहेर काढणं हे त्यांना शास्त्र वाटायचं.

कंपनीनं विक्रेत्यांना मोबाइल दिले होते. कोण कुठे आहे ते साहेबांच्या नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. खोलीचा ध्यास लागल्यावर साहेबांनी तीन महिन्यांचे ठिपके बाहेर काढले आणि मौनीचा ठिपका पहिल्यांदाच नीट पाहिला. बाकीचे ठिपके पिसवांसारखे उड्या मारत होते, एका दुकानात दहा मिनिटं, दुसऱ्यात पंधरा. मौनीचा ठिपका रोज दुपारी पाऊणच्या सुमाराला एका दुकानात शिरायचा आणि दोन तास हलायचा नाही. सहा दिवस, सहा दुकानं. आणि ती सहाच्या सहा दुकानं कंपनीचा सगळ्यात जास्त माल घेणारी. गुरुवारचं दुकान तर पहिल्या नंबरचं, कोपऱ्यावरच्या मावशीचं. नवरा गेल्यावर मावशीनं एकटीनं ते दुकान उभं ठेवलं होतं, आणि तिच्या जिभेला भलेभले विक्रेते टरकून होते. त्या बाईच्या दुकानात हा माणूस दर आठवड्याला दोन तास बसतो. ती याला सहन करते. नुसतं सहन करत नाही, माल घेते.

साहेबांना घाम फुटला, म्हणे. आनंदाचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. साहेबांना कावळा दिसला, फांदी दिसली, आणि त्यांनी कावळ्याचं वजन करायला घेतलं.

त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं की धंद्याचं गुपित सापडलं. आपुलकी. माणसामाणसातलं नातं. मौनी दोन तास दुकानदारांच्या सुखदुःखाच्या गोष्टी ऐकतो, पोराबाळांची चौकशी करतो, म्हणून ते माल घेतात. बायकोनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"असं तो म्हणाला?"

"तो कशाला म्हणेल? आकडे म्हणतात."

"अहो, पण एकाच इमारतीत असता. त्यालाच विचारा की."

साहेबांनी तिला समजावलं की विचारलं की माणूस उत्तर सजवतो. ठिपका खोटं बोलत नाही.

"ठिपका बोलतच नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला आवडतो."

साहेब रागावून हात धुवायला उठले. आता मौज अशी की, दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये ते आणि मौनी, दोघंच. पाच मजले. एक प्रश्न विचारायला त्यातला अर्धा मजला पुरे. मौनी कमी बोलायचा, पण विचारलं तर खरं सांगायचा. लपवायला लागतं तेवढं बोलणंच त्याच्याकडे नव्हतं. साहेबांनी दाराच्या वर बदलणारे मजल्यांचे आकडे वाचले. एक, दोन, तीन, चार, पाच. दार उघडलं.

महिन्याभरात योजना निघाली. नाव दिलं होतं "दोन तासांची आपुलकी". प्रत्येक विक्रेत्यानं रोज एका दुकानात दोन तास बसायचं, दुकानदाराशी नातं जोडायचं आणि बेचाळीस प्रश्नांचा तक्ता भरायचा. मुलं किती, शिकतात काय, आवडता खेळ, प्रकृतीच्या तक्रारी, अलीकडे घरात काही दुःखद. एकही रकाना रिकामा राहिला तर मोबाइल तक्ता पुढे पाठवत नसे. माणसांच्या काळजात शिरायला साहेबांनी जे दार केलं होतं, त्याला बिजागरी अशी होती.

पहिल्या आठवड्यात विक्रेत्यांनी खरोखर प्रयत्न केला. एकाला दुकानदारानं दोन तास स्क्रू निवडायला बसवलं. दुसऱ्याला दुकान सांभाळायला सांगून मालक केस कापायला निघून गेला. तिसऱ्यानं अलीकडे घरात काही दुःखद घडलं का म्हणून विचारलं, तर तो दुकानदार म्हणाला, तू आलास. चौथा खमका होता. त्यानं दुकानदाराला सरळ विनंती केली की हा मोबाइल दोन तास गल्ल्यात ठेवा, मी येतोच. दुकानदारानं सुटकेचा निःश्वास टाकून गल्ला उघडला. ही युक्ती दोन दिवसांत तीसही जणांना कळली. मोबाइल गल्ल्यात, विक्रेता बागेत. विक्रेता आणि दुकानदार यांच्यात पहिली खरीखुरी दोस्ती झाली ती अशी, साहेबांच्या विरुद्ध.

तक्ते बागेतल्या बाकावर बसून भरले जायचे. कल्पनाशक्ती सगळ्यांना सारखी नसते, त्यामुळे बहुतेक दुकानदारांना दोन मुलं झाली, एक हुशार आणि एक खेळाडू. प्रकृतीच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच हवं म्हणून सगळ्यांनी लिहिलं, गुडघेदुखी. पाचव्या मजल्यावर साहेबांनी बेरीज केली आणि त्यांना आढळलं की सत्त्याऐंशी टक्के दुकानदारांचे गुडघे दुखतात. ते हेलावले. रविवारी आईचे गुडघे आठ मिनिटांत गुंडाळणाऱ्या या माणसानं दुकानदारांसाठी गुडघ्याला बांधायचे नऊशे पट्टे मागवले, कंपनीचं नाव छापून. एक पट्टा अशा दुकानदाराला गेला, जो पंचविशीतला होता आणि पहाटे दहा किलोमीटर धावायचा. त्यानं फोन करून विचारलं की ही धमकी समजायची का.

नकाशा मात्र देखणा दिसत होता. तीसही ठिपके दुपारभर दुकानादुकानांत शहाण्यासारखे बसलेले. आपुलकीचा आलेख चढत होता आणि विक्रीचा उतरत होता, कारण बागेत बसलेला माणूस बिजागऱ्या विकत नाही. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस विक्री अकरा टक्क्यांनी घसरली. दुसरा कोणी असता तर रस्त्यावर जाऊन बघून आला असता. साहेबांनी निष्कर्ष काढला की आपुलकी कमी पडते आहे, आणि दोनाचे तीन तास केले.

मौनीचं काहीच बदललं नव्हतं. त्याचा ठिपका दोनच तास बसायचा. तक्ता तो भरत नसे, आणि सगळ्यात जास्त विकत असल्यामुळे त्याला कोणी काही म्हणत नसे. साहेबांनी त्या न आलेल्या तक्त्यांचाही अर्थ लावला होता. इतकं खोल नातं की माणूस ते कागदावर आणत नाही.

शेवटी मालकांनी बोलावलं. मालक सत्तरी उलटलेले, स्वतः खांद्याला बॅग लावून सुरुवात केलेले. त्यांना आलेखातलं फारसं समजत नसे, पण अकरा टक्के समजायचे. त्यांनी विचारलं की तुमची ही आपुलकी कुठे चालू अवस्थेत बघायला मिळेल का. साहेबांनी छाती पुढे काढून सांगितलं, मिळेल. गुरुवारी दीड वाजता. कोपऱ्यावरच्या मावशीच्या दुकानात. त्या एका दुपारवर आता दोन खिडक्या टांगलेल्या होत्या. बायकोच्या बहिणीनं पडद्यांसाठी कापडही पसंत करून ठेवलं होतं.

मावशीचं दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा एक नग ठोकलेला, म्हणजे वाचायला नको. तेलाचा आणि लोखंडाचा वास. वजनकाट्याशेजारी वर्तमानपत्र पसरून मावशी डबा खात होती. शिडीचा एक पाय आखूड होता, त्याला कंपनीचं नाव छापलेला गुडघ्याचा पट्टा बांधला होता. साहेबांनी तो पाहिला आणि शिडीकडे पाठ केली.

त्यांनी घसा साफ करून नमस्कार वगैरे सुरू केलं, तसं मावशीनं डब्यातून मान वर न काढता हात वर केला.

"हळू बोला."

साहेबांचा चेहरा उजळला. ते मालकांच्या कानाशी लागून कुजबुजले की बघा, किती खाजगी वातावरण आहे, दुकानाच्या आत बोलणं चाललेलं दिसतंय. मालक खणांच्या मधून मागच्या बाजूला गेले. क्षणभर तिथे उभे राहिले. परत आले, आणि काउंटरपाशी स्टूल होतं त्यावर बसले. मग साहेब गेले.

मागे पुठ्ठ्याची खोकी उलगडून जमिनीवर अंथरली होती. त्यावर मौनी उताणा पडला होता. बूट काढून भिंतीशी नीट लावलेले, मोजे बुटांत. तोंड किंचित उघडं. कंपनीचा मोबाइल छातीवर होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता. तेवढी हालचाल नकाशात दिसत नसे. शेजारी नमुन्यांची बॅग सताड उघडी.

साहेब बाहेर आले तेव्हा मालक मावशीला विचारत होते की हे कधीपासून. मावशी म्हणाली, अठरा वर्षं झाली असतील. मालकांनी विचारलं, मग माल याच्याकडूनच का घेता.

मावशीनं डब्याचं झाकण लावलं. "रोज दहा जण येतात. तोंडभर हसतात. आता तर गुडघे कसे आहेत विचारतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हा पहिल्यांदा आला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. भाव सांगितला, पाणी मागितलं, आणि म्हणाला, ताई, पाच मिनिटं टेकू का. टेकला तो झोपलाच. बॅग अशीच उघडी. कंपनीनं त्याला दिलेल्या भावाचा कागद वरती. मी वाचला. तुम्ही नसता वाचला?"

मालक हसले नाहीत, पण मिशी हलली.

"मला सांगितलेला भाव आणि कागदावरचा भाव एकच होता. मग पुढच्या गुरुवारी मीच खोकी अंथरली." तिनं हात पुसले आणि साहेबांकडे पहिल्यांदा पाहिलं. "तुम्हाला हवं काय होतं? त्याला विचारलंत तर तो सांगेल. उठला की."

साहेब त्याला उठवायला निघाले. मालकांनी मौनीला उठवू दिलं नाही. पावणेतीनपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले, मावशीशी जुन्या कुलपांबद्दल बोलत, आणि साहेब शिडीला टेकून उभे राहिले. मौनी उठला, चूळ भरली, बूट घातले, समोर मालक बघून जरा चपापला. मावशीनं त्याला महिन्याची ऑर्डर सांगितली. त्यानं ती लिहून घेतली. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

परतताना गाडीत मालकांनी एकच विचारलं, "तुम्ही याला एकदाही विचारलं नाहीत?" साहेब खिडकीबाहेर बघत होते.

कोपऱ्यातली खोली मालकांनी आधी मौनीला देऊ केली. त्यानं ती जाऊन पाहिली, दोन्ही खिडक्यांतून येणारं ऊन पाहिलं, दुपारी दार आतून लावता येतं का ते विचारलं, आणि नको म्हणाला. आता तिथे दुसरंच कोणी बसतं, पडदे नाहीत. टक्केसाहेब खाली नमुन्यांच्या खोलीत असतात. बिजागऱ्या मोजतात, मापाप्रमाणे लावतात. आईचा रविवारचा फोन आता नऊ मिनिटांचा झाला आहे. साडेबारा टक्के वाढ, असं त्यांनी बायकोला सांगितलं. आणि सासरी, जेवणाच्या पंगतीत कोणी यादीच्या चोरीचा विषय काढला की ते अजूनही गूढ हसतात आणि भिंतीकडे बघतात. मेहुणे एकमेकांना कोपरानं ढोसतात. पक्का माणूस, म्हणतात. पोचलेला.

यादी कोणी विकली नव्हती. मौनी रोज दुपारी दोन तास झोपायचा, आणि टक्केसाहेबांनी त्याला कधी विचारलं नव्हतं.